सगळी मुलं चैत्रातली

मूल कोणत्या महिन्यात झालं, एवढंच विचारायला कुणी एसटीचे धक्के खात डोंगरात जातं का? मी गेले. घरी सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "पुण्यातल्या बाळंतिणी संपल्या वाटतं," म्हणाले. मी म्हटलं, "संपल्या नाहीत, पण त्यांना विचारावं लागत नाही. त्यांच्या घरी मूल रडायच्या आधी घड्याळ बघतात." ते हसले आणि डब्यात काय देणार आहेस विचारू लागले. परवानगी मिळाली असं मी धरून चालले.

मी पुण्यात मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ताप, गोवर, खरूज, जंत ही आमची रोजची माणसं. पण अधूनमधून एखादं मूल असं येतं, की त्याचं डोकं सकाळी उठल्याबरोबर दुखतं, ओकारी होते, आणि चालताना जमीन कलल्यागत झोकांड्या जातात. मग डोळ्यांचे डॉक्टर दिव्याने डोळ्यात बघतात, बाहेर येतात, आणि कुणाशी फारसं बोलत नाहीत. डोक्यात गाठ. मुंबईला न्यायचं, कवटी उघडायची. काही परत येतात, काही येत नाहीत. मागल्या वर्षी अशी तीन मुलं भोर-वेल्ह्याकडून आली, एकाच वर्षात, एकाच मुलुखातून.

आमचे मोठे डॉक्टर विचारी माणूस. एके दिवशी राऊंड संपल्यावर खिडकीशी उभे राहून म्हणाले, "सिस्टर, ही मुलं कोणत्या ऋतूत जन्मली असतील हो?" मला वाटलं, साहेब ज्योतिषाच्या नादी लागले. तसं नव्हतं. हिवाळ्यात सर्दी-तापाच्या साथी असतात, पावसाळ्यात पाणी वेगळं, खाणं वेगळं, उन्हाळ्यात आणखी वेगळं. आईच्या पोटात मूल वाढत असताना यातलं काही त्याच्या मेंदूपर्यंत पोचत असेल का, एवढाच त्यांचा प्रश्न. केसपेपरवर नुसतं वय होतं, तेही अंदाजे. मी म्हटलं, "मी विचारून येते की." त्यावर ते म्हणाले, "नुसती आजारी मुलं विचारू नका हं. शेजारची धडधाकटही विचारा. नाहीतर सगळ्या आजारी मुलांना दोन कान आहेत, म्हणून कानांमुळे गाठ होते, असं सांगत याल."

पण खरं सांगायचं तर मला ओढ लागली होती ती हिर्डोशीच्या हौसाची. तिघांपैकी एक मूल तिचं, म्हादू. ती आमच्या वॉर्डात खाटेखाली चटई टाकून कित्येक दिवस राहिली होती, माझ्या हातचा चहा प्यायली होती, आणि म्हादू मुंबईहून डोक्याला पांढरं मुंडासं बांधून परत आला तेव्हा माझ्याच खांद्यावर रडली होती. भोरच्या गाडीच्या कंडक्टरकरवी तिचा निरोप आला होता: "शिस्टरला म्हनावं, मला पुन्यांदा दिवस गेल्यात. पोर माझ्यापाशी ऱ्हानार न्हाई. जमलंच तर एकदा येऊन जा." निरोप एवढाच. पोर राहणार नाही म्हणजे काय? जगणार नाही, की काय? कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "बाई, मी तिकिटं फाडतो." मार्गशीर्ष लागला, भातं निघाली, आणि मी रजा टाकली.

मार्गासनी

नसरापूरच्या फाट्याला उतरून दुसरी गाडी पकडली. तिच्यात माझ्या बाकाखाली एक कोंबडी टोपलीतून मान काढून बसली होती आणि तिला माझ्या पायाच्या अंगठ्यात काय दिसलं कोण जाणे. मार्गासनीला उतरले तेव्हा अंगठा लाल झाला होता आणि कोंबडीची मालकीण मलाच म्हणत होती, "पाय आत घ्यायचा व्हता न्हवं?"

भातं कापून खाचरं मोकळी पडली होती. बांधावर पेंढ्यांच्या उडव्या, वर स्वच्छ निळं आभाळ, आणि हवेत वाळलेल्या पेंढ्याचा गोडसर वास. पुण्याहून इतक्या जवळ इतकी शांतता असेल असं वाटलं नव्हतं. पण ज्या घरी जायचं होतं तिथे मला पाय टाकवेना. त्या घरची चिंगी मुंबईहून परत आली नव्हती.

तिच्या बापाने मला ओळखलं, घोंगडी टाकली, पाणी दिलं. आई चुलीपाशीच बसून राहिली. इकडचंतिकडचं झाल्यावर मी घसा खाकरून विचारलं, की चिंगीचा जन्म कोणत्या महिन्यातला. बापाने बायकोकडे बघितलं. ती चुलीकडे बघतच म्हणाली, "चैताची. जत्रंत झाली." थोड्या वेळाने तिने माझ्यापुढे नाचणीची भाकरी आणि वाडगाभर हुलग्याचं माडगं ठेवलं. माडगं गरम होतं, लसणाचं होतं, फार चांगलं होतं, आणि मला ते गिळवत नव्हतं. "खा की वो," ती म्हणाली, "तुमी तिला चमच्यानं पाजत व्हता, म्या बगितलंय." मग मी खाल्लं.

आमच्याकडे पुण्यात मूल झालं की आजोबा आधी वेळ टिपतात, मग मुलगा की मुलगी विचारतात. पत्रिका, नक्षत्र, चरण, नावाचं आद्याक्षर. इथे एका आईला महिना एवढाच आठवत होता, तोही जत्रेमुळे. मला जरा कीवच आली, आता हसू येतं. शेजारच्या धडधाकट मुलांचे महिने विचारायचे होते, पण ज्या दारात मूल गेलंय त्याच्या शेजारी "तुमची मुलं कधी जन्मली?" म्हणून हिंडायला माझी जीभ रेटेना. डॉक्टरांना सांगू काहीतरी, म्हटलं, आणि निघाले.

पाली

पालीला राजगड अगदी डोक्यावर येतो. गावात शिरेपर्यंत मी मान वर करूनच चालत होते, त्यामुळे वहाणेचा अंगठा तुटला तो कळलाच नाही. ज्या मुलीकडे जायचं ती गावातही नव्हती. तिची वस्ती वर डोंगराच्या सोंडेवर, धनगरांची. हातात तुटकी वहाण घेऊन अनवाणी चढू लागले. वाळलेल्या गवतावरून पाय असा सटकला, की जेवढी चढले होते त्यातली बरीच वाट बसल्याबसल्या परत आले. वरून कुणीतरी खिदळलं. बघते तर ठमी! आमच्याच वॉर्डातली ठमी, शेरडं घेऊन उभी. एक डोळा मंद झाला होता, पण दुसऱ्याने ती माझी फजिती पुरेपूर बघत होती. "शिस्टर, ततनं न्हाई, हिकडनं," म्हणाली आणि मला हात दिला. ज्या पोरीला आम्ही दोघी नर्स धरून चालवत होतो ती मला डोंगर चढवत होती. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत.

ठमीची आई रखमा. तिने ताज्या व्यालेल्या गाईचा खरवस पुढे केला, गुळाचा, जायफळ नाही, वेलदोडा नाही, आणि मी आजवर खाल्लेल्या सगळ्या खरवसांच्या तोंडात मारील असा. खाता खाता विचारलं, "ठमी कोणत्या महिन्यातली गं?"

"चैत. जत्रंत झाली."

माझा हात वाडग्यातच राहिला. चिंगी चैत्रातली, ठमी चैत्रातली. आणि हौसाने म्हादूबद्दलही मागे वॉर्डात हेच सांगितल्याचं मला पक्कं आठवत होतं. तिन्ही चैत्रातली! म्हणजे डॉक्टर म्हणत होते ते खरंच की! चैत्रात जन्म म्हणजे आईचे पहिले महिने सगळे पावसाळ्यातले. धूर कोंडलेली घरं, गढूळ पाणी, चिखलात उभं राहून लावणी. मी मनातल्या मनात डॉक्टरांपुढे उभी राहून हे सांगूनही टाकलं, आणि त्यांनी खुर्चीतून उठून शाबासकीही दिली. माणसाचं मन किती धावतं बघा.

मग आठवलं, धडधाकट मुलंही विचारायची आहेत. पटकन उरकावं म्हणून अंगणात जमलेल्या बायकांना विचारायला लागले.

"तुझा हा थोरला कधीचा?"

"चैताचा."

"आणि हा धाकटा?"

"चैताचाच."

"तुझी मुलगी?"

"चैत. जत्रंत."

पुढची, तिच्या पुढची, कडेवरचं, पाळण्यातलं, सगळ्यांचं तेच. पाळण्यातलं मूल तर महिन्यादोनमहिन्याचं होतं, डोळ्यांना दिसत होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या आईकडे बघितलं. ती पदरात तोंड लपवून हसायला लागली. कोपऱ्यात घोंगडीवर बसलेल्या एका म्हातारीला राहवेना. "अवो शिस्टर," ती म्हणाली, "समदी वस्ती येकाच म्हैन्यात बाळंत झाली, तर सुईन मरल की वो!" आणि अख्खं अंगण फिदीफिदी हसलं. मीही हसले, दुसरं करणार काय? माझ्या शाबासकीचं तर पार वाटोळं झालं होतं.

हसू ओसरल्यावर म्हातारीने समजावलं. पोराचा खरा महिना, खरा दिवस परक्याला सांगायचा नसतो. कोण कसं असेल, कोण करणी करील, काय नेम? म्हणून परक्याने विचारलं की गावदेवाच्या जत्रेचा महिना सांगायचा. मग पोर देवाच्या नावावर. करणी करणाऱ्याने करावी, तिची गाठ देवाशी पडेल. "आणि मार्गासनीला?" मी विचारलं. "तकडं बी त्येच. समद्या खोऱ्यात त्येच," म्हातारी म्हणाली.

आम्ही पुण्यात मुलाचा जन्म मिनिटासकट कागदावर लिहून ज्योतिषाच्या हातात देतो, का तर त्याचं भलं व्हावं म्हणून. हे लोक तोच जन्म गिळून बसतात, तेही भलं व्हावं म्हणूनच. कोण शहाणं ते मी ठरवणार नाही. पण हसता हसता एक विचार मनात आला आणि हसू थांबलं. मार्गासनीच्या त्या आईचं मूल गेलं होतं. आता त्याच्यावर कोण करणी करणार होतं? तरी तिने जत्राच सांगितली. गेलेल्या मुलीलाही ती अजून जपत होती.

भोर

भोरला धर्मशाळेत मुक्काम केला. संस्थान विलीन झालं तरी गावाची ऐट गेलेली नाही. चांभारसुद्धा माझी वहाण हातात घेऊन असा बघत होता, की जणू मीच ती मुद्दाम तोडून आणली. नदीकाठी घाटावर बसले. खानावळीत आंबेमोहोर भात वाढला, त्याचा वास आधी आला आणि मग ताट आलं. पोटभर जेवले, पण मन जेवणात नव्हतं.

हौसाने म्हादूबद्दल मला चैत्रच सांगितला होता. म्हणजे खोटं. वॉर्डात इतके दिवस माझ्या हातचा चहा पिऊनही मी तिला परकीच होते तर! मला रागच आला, उगाच लपवत नाही. आणि रागावूनही उद्या तिच्याकडेच जायचं होतं, कारण तिच्या निरोपातलं ते वाक्य जात नव्हतं: पोर माझ्यापाशी राहणार नाही.

हिर्डोशी

भोरहून हिर्डोशीकडे गाडी जाते म्हणायचं आणि कधी जाते ते विचारायचं नाही. नीरेच्या काठाने ती मला जेवढं नेऊ शकली तेवढं तिने नेलं, मग ड्रायव्हर उतरून बॉनेटकडे बघत उभा राहिला आणि आम्ही सगळे मुकाट चालायला लागलो. समोर वरंध्याच्या घाटाचे डोंगर, खाली नदीचं पातळ पाणी, आणि वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी. माझ्या डोक्यावर काहीच नाही याचं एका बाईला इतकं वाईट वाटलं, की तिने गवताचा एक भारा देऊ केला.

हौसा गावाबाहेर झऱ्यावर भेटली. पोट चांगलंच पुढे आलं होतं. मला बघून तिने हंडा खाली ठेवला आणि गळ्यातच पडली, माझा राग तिथेच विरला.

"कुठंय म्हादू?"

"खळ्यावर. झोकांड्या खातंय अजून, पर पडत न्हाई. भात राखतंय, कोंबड्या हाकतंय."

"आणि निरोप काय तो दिलास? बाळ राहणार नाही म्हणजे?"

ती हंड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाईंनी ठरीवलंय. बाराव्या दिशी वन्संकडं द्यायचं, घाटाखाली. वन्संला पोर न्हाई. थितंच वाढंल, थितंच ऱ्हाईल. म्या नुसतं जनायचं."

"का पण?"

"म्हादू पौषातला. ह्ये बी पौषातच यायचं. आत्याबाई म्हनत्यात, ह्या घराला पौष फळत न्हाई. म्हादूच्या डोस्क्यात त्येच शिरलं. दुसरं बी तसंच निघालं तर?"

मी म्हटलं, "अगं, तू मला चैत्र सांगितला होतास."

"तवा तुमी परक्या व्हता," हौसा म्हणाली, अगदी सहज.

पौष. म्हणजे खरंच हिवाळा. डॉक्टरांचा प्रश्न आणि आत्याबाईंचं, म्हणजे हौसाच्या सासूचं, भय एकाच जागी येऊन उभं राहिलं होतं. पण इथे एका बाईचं मूल जाणार होतं.

सासूचं नाव ठकूबाई. खळ्यावर होती. त्यांच्या भाताची झोडणी होती आणि गावातली बायामाणसं इर्जिकीला आली होती. इर्जिक म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं काम करायचं, उद्या सगळ्यांनी मिळून माझं, आणि ज्याचं काम त्याच्या घरी जेवायचं. आमच्या वाड्यात पापड लाटायला बायका जमतात तसंच, फक्त इथे पापडांऐवजी पेंढ्या दगडावर आपटायच्या. ठकूबाई सगळ्यांत पुढे, पेंढी डोक्यावर नेऊन आपटत होती. केस पिकलेले, पण हात चिवट. हौसाचा नवरा शिरपती तिच्या शेजारीच. म्हादू कोंबड्यांमागे वाकडातिकडा धावत होता, मला बघून थांबला आणि लाजला.

ठकूबाईने पेंढी खाली ठेवली आणि माझ्या पाया पडली, मला मागे सरायलाही वेळ दिला नाही. "माजा म्हादू तुमी जगीवला," ती म्हणाली. आणि लगेच, उभी राहता राहता, "पर ह्यात पडू नगा. हौशीनं तुमाला कशापायी बोलीवलंय ते ठावं हाय मला."

"आजी, मी माझ्या कामाला आलेय," मी म्हटलं. "डॉक्टरांनी विचारलंय, म्हादू कोणत्या महिन्यात झाला."

हे मी बोलायला नको होतं. ठकूबाईने कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांकडे वळून बघितलं. "ऐकलं का गं? पुन्याचं मोठं डाक्टर म्हैना इचारत्यात! उगाच इचारत्यात व्हय? म्हंजी म्हैन्यात कायतरी हायच."

झोडणी थांबली. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. हौसा एका हाताने पोट सावरत पुढे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "शिस्टर, तुमीच सांगा. पौषात झाल्यालं पोर असंच निघतंय का? व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. तुमी म्हनाल ते म्या ऐकते."

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! जिभेवर आलंही होतं. पण मला माहीत नव्हतं हो, आणि तिला खोटं सांगून उद्या काही झालं असतं तर?

"हौसा, मला माहीत नाही," मी म्हटलं. "मोठ्या डॉक्टरांनाही माहीत नाही. कुणालाच नाही. माहीत असतं तर मी इतक्या लांब विचारायला कशाला आले असते?"

"मंग आमी ठावं नसताना जोखीम कशी घ्यायची?" ठकूबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. "पोर जगाया पायजे. कुनाच्या चुलीपाशी का वाडंना."

"पण आजी, घाटाखाली नेलं म्हणून महिना बदलतो का? पौषात जन्मलेलं पौषातलंच."

"घर बदलतंय."

मला डॉक्टरांचे ते दोन कान आठवले. मी म्हटलं, "ठीक आहे. आजारी मुलाचा महिना कळला. आता धडधाकट मुलांचे सांगा. या गावात पौषातली आणखी मुलं आहेत का? खरं सांगा हं. मला पालीला सगळी चैत्रातली मिळाली आहेत, तेवढी पुरे."

बायका एकमेकींकडे बघत होत्या. सांगितलं तर परकीला सांगितलं, न सांगितलं तर हौसाचं पोर जातं. शेवटी एक ठेंगणीशी बाई पदर खोचत म्हणाली, "माजी येसू. पौषातली. वढ्यावरनं उड्या मारतीया, बगा तकडं." दुसरी म्हणाली, "माजा गना बी." मग तिसरी, "आमची दोन्ही पोरं पौषातली, आन तिसरं बी त्येच करनार हाय, तर काय त्येला टोपलीत घालून घाट उतरू?" आता हसू फुटलं. एकीने दुसरीला कोपर मारलं, "तू तर मला आखाडातलं म्हनली व्हतीस!" "तुला खरं कुनी सांगावं? तुजी जीभ ठावं हाय समद्यांला." इतक्या वर्षांची गुपितं खळ्यावर पडत होती. मी बघत होते ठकूबाईकडे. तिने पुन्हा पेंढी उचलली होती आणि ती कुणाकडे न बघता आपटत होती. एकदा, दोनदा. मग हात तसाच वर राहिला.

"शिर्पा बी पौषाचाच," ती म्हणाली.

शिरपतीने मान वर केली. "काय?"

"तू. पौषातला हाईस."

"आये, म्या चैताचा! जत्रंतला! दर साली देवाची काठी म्या नाचवितो, जत्रंतलं पोर म्हनून!"

"नाचीव की. कोन नगं म्हनतंय?" ठकूबाई म्हणाली आणि मटकन पेंढ्यांवर बसली. मग एकेक बोलू लागली, आम्हा कुणालाच नाही, लेकालाच. "तुज्या आधीचं माजं पोर गेलं व्हतं, त्ये बी पौषातलं. तुज्या आजीनं ठरीवलं व्हतं, दुसरं बी पौषात आलं तर जावंच्या हवाली करायचं. म्या माहेराला गेले. तू झालास, पौषातच. म्या निरोप धाडला, अजून दिस हायती म्हनून. चैताची जत्रा झाली तवा तुला घेऊन आले. म्हनले, जत्रंत झाला. सासूनं तुला हातात घेतलं, वजन बगितलं, म्हनली, तकडचं दूद लई दाट दिसतंय."

खळ्यावर हशा उसळला, ठकूबाई मात्र हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिरपती हातातली पेंढी तशीच धरून उभा होता. हौसा हळूच जाऊन सासूपाशी बसली.

"म्या खोटं बोलून माजं पोर राखलं," ठकूबाई तिला म्हणाली, "आन तुजं द्याया निगाले. जाऊ दे. पोर हितंच ऱ्हाईल."

सगळं छान झालं असं लिहून मी इथे थांबू शकले असते. पण जेवणं उरकल्यावर ठकूबाई माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात चिंध्यांची शिवलेली एक लहानशी कुंची होती. घाटाखाली दिलेल्या लेकीने, सोनाने, येणाऱ्या बाळासाठी ती आधीच पाठवून दिली होती. "सोनीला काय सांगू?" ती म्हणाली. "पोर दिलं तर हौशी रडल. न्हाई दिलं तर सोनी रडल. दोघी माज्याच. आईनं कुटं हुबं ऱ्हायाचं, सांगा शिस्टर." मी तिचा हात हातात घेतला.

"कुणाकडून निरोप धाडा," मी म्हटलं.

"असल्या गोष्टीचा निरोप धाडत न्हाईत," ठकूबाई म्हणाली. "आईनं जाऊन सांगायचं असतंय."

सकाळी ती निघाली. फडक्यात भाकरी, काखेत ती कुंची, पायात काही नाही. मला भोरकडे जायचं होतं, तिला घाटाकडे. शिरपती सोबत येतो म्हणाला तर तिने त्याला उडवून लावलं, "खळं कोन बगनार, तुजा पौष?" तोही हसला. म्हादू थोडं अंतर तिच्या पाठोपाठ झोकांडत गेला आणि परत आला.

पुण्याला आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मिळाले का महिने?" मी सांगितलं, की चिंगी आणि ठमीचा जत्रेचा महिना मिळाला, म्हादूचा खरा मिळाला, आणि एवढ्यावरून काही कळायचं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पालीच्या अंगणापाशी खूप हसले. त्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. तो चांगला प्रश्न आहे असं मला अजूनही वाटतं.

पण मला आठवते ती त्या सकाळची वाट. ठकूबाई वळणापाशी पोचली होती. हौसा दारात उभी राहून बघत होती. मग एकदम ओरडली, "आत्याबाई! लवकर या हो! तुमच्याबिगार मला न्हाई जमायचं!"

ठकूबाईने मागे वळून बघितलं नाही. चालता चालताच तिने हात वर केला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, न लपवता, ओरडून सांगितलं, "पौष लागायच्या आत येते!"